भावाविना हिशेब

एक रेल्वेमार्ग बांधायचा आहे आणि वाटेत डोंगर आहे. डोंगर पोखरून बोगदा काढला तर अंतर घटेल आणि पुढची पन्नास वर्षे इंजिनांचा कोळसा वाचेल. पण त्यासाठी आज हजारो माणसांना दोन-तीन वर्षे राबावे लागेल, सिमेंट आणि पोलाद ओतावे लागेल. वळसा घालून रूळ नेले तर काम लवकर उरकेल, पण प्रत्येक गाडी रोज जादा कोळसा खाईल. यांतला स्वस्त मार्ग कोणता? किती टन कोळसा, किती घनमीटर दगड, किती मजूर-दिवस, हे इंजिनियर बिनचूक सांगेल. पण टनांची आणि मजूर-दिवसांची बेरीज होत नाही. त्यासाठी दोन्ही एका मापात आणावे लागतात, आणि बाजार असलेल्या समाजात ते माप म्हणजे किंमत. आता समजा की खाणी, कारखाने, रूळ, इंजिने सगळे समाजाच्या मालकीचे आहे. ते कोणी विकत नाही, कोणी विकत घेत नाही, म्हणून त्याला भावच नाही. मग बोगदा की वळसा, हे कशाच्या आधारावर ठरवायचे?

रेल्वेचे उदाहरण लुडविग फॉन मीझेस यांचे आहे. डोंगर मी समजावून सांगण्यासाठी उभा केला. व्हिएन्नाच्या या अर्थशास्त्रज्ञांनी 1920 साली एका जर्मन नियतकालिकात समाजवादी समाजातल्या आर्थिक हिशेबावर निबंध लिहिला. उत्पादनाची साधने खासगी मालकीची नसली की त्यांचा बाजार राहत नाही. बाजार गेला की त्यांच्या खऱ्या किमती जातात. आणि किमती गेल्या की काटकसर कुठे होते आहे आणि उधळपट्टी कुठे, हे कळायला वाटच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. नियोजन करणारी माणसे कितीही प्रामाणिक आणि कितीही हुशार असोत, ती अंधारात चाचपडतील. या निबंधाने जो वाद पेटला तो शंभर वर्षे उलटली तरी विझलेला नाही. त्याला समाजवादी हिशेबाचा वाद म्हणतात. या संग्रहातले निबंध त्या वादातले आहेत, आणि ही प्रस्तावना त्यात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी आहे. अर्थशास्त्राची पदवी त्याच्यापाशी असायला हवी असे मुळीच नाही. बाजारातून आल्यावर पिशवीतले सामान आणि खिशातली चिल्लर यांचा मेळ घालणाऱ्या कोणालाही हा विषय कळतो.

मराठीत समाजवादावर विपुल लिहिले गेले आहे. आचार्य जावडेकरांनी लिहिले, कॉम्रेड डांग्यांनी लिहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मांडणी केली. पण आपल्याकडची चर्चा बहुतेक मालकीभोवती आणि न्यायाभोवती फिरली. मालकी बदलली, ठीक. आता उद्या सकाळी कोणत्या कारखान्याला किती कोळसा पाठवायचा, हा प्रश्न मागे राहिला. मला तो मोठा वाटतो. ज्याला न्यायाची तळमळ आहे त्याने तर तो टाळूच नये, कारण कोळसा चुकीच्या कारखान्यात गेला तर थंडीने कुडकुडतो तो गरीबच.

व्हिएन्नात तेव्हा माणसे खरोखरच कुडकुडत होती. महायुद्ध हरल्यावर साम्राज्य मोडले, बोहेमियाचा कोळसा नव्या सरहद्दीपलीकडे गेला, शहरात अन्नाचे हाल सुरू झाले. युद्धाच्या काळात सरकारने धान्य, इंधन, धातू यांचे वाटप स्वतःच्या हाती घेतले होते. ते पाहून ओटो नॉयराट या तत्त्वज्ञ-अर्थशास्त्रज्ञांच्या मनात आले की युद्धासाठी जे जमले ते शांततेच्या काळात लोकांच्या सुखासाठी का जमू नये? पैसा मध्ये न आणता थेट वस्तूंच्या मोजमापात अख्ख्या समाजाचा हिशेब मांडता येईल, असे त्यांना वाटे. 1919 साली बव्हेरियाच्या क्रांतिकाळात म्युनिकच्या मध्यवर्ती नियोजन कार्यालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली. थोड्याच आठवड्यांत क्रांती चिरडली गेली आणि नॉयराट तुरुंगात गेले. मीझेस यांचा निबंध बऱ्याच अंशी त्यांनाच दिलेले उत्तर आहे.

पाठ्यपुस्तकांत नॉयराट यांना एक-दोन ओळी मिळतात, त्याही भाबडा स्वप्नाळू म्हणून. मला हे अन्यायाचे वाटते. त्यांनी उपस्थित केलेला एक प्रश्न आज अधिकच टोचतो. आज खाणीतला कोळसा जपायचा की माणसांवर कष्टाचा बोजा वाढवायचा? याचे उत्तर, ते म्हणतात, उद्या पाण्याची शक्ती आणि सूर्याची उष्णता कितपत वापरता येईल, याबद्दल आपण काय मानतो त्यावर अवलंबून आहे. म्हणजे काही निर्णयांत शेवटी एकच आकडा निघत नाही. दोन पिढ्यांचे हित समोरासमोर ठेवून विचाराने निवड करावी लागते. जन्माला न आलेल्या माणसाची बाजारात बोली लागत नाही. हवामानबदलावर आज जी चर्चा चालते तिच्यातला गाभ्याचा मुद्दा त्यांनी 1920च्या दशकात मांडून ठेवला होता.

मीझेस यांना गणिती उत्तर मात्र त्यांच्या निबंधाच्या आधीच लिहिले गेले होते. एन्रिको बारोने या इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी 1908 साली दाखवले की सामुदायिक राज्याच्या उत्पादनमंत्र्याला साधनांचा उत्तम वापर करायचा असेल, तर बाजार नकळत जी समीकरणे सोडवतो तीच त्यालाही सोडवावी लागतील. समीकरणे आहेत म्हणजे उत्तर आहे. मग टीकाकार म्हणू लागले की उत्तर असेल, पण लाखो समीकरणे सोडवणार कोण?

यावर पोलंडच्या ऑस्कर लांगे यांनी 1936-37 मध्ये दोन भागांत लिहिलेला निबंध या संग्रहातला सर्वांत देखणा निबंध आहे. लांगे म्हणतात, समीकरणे सोडवायची गरजच नाही. बाजार तरी कुठे सोडवतो? नियोजन मंडळाने प्रत्येक साधनाची एक अंदाजी किंमत जाहीर करावी. कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी ती किंमत प्रमाण मानून कमीत कमी खर्चात माल काढावा, आणि आणखी एक नग काढायला येणारा खर्च किमतीइतका होईल तिथे थांबावे. वर्षअखेरीस गोदामात माल पडून राहिला तर किंमत जास्त लावली होती, उतरवा. टंचाई झाली तर कमी लावली होती, चढवा. चुकत-सुधारत योग्य किंमत सापडेल. अमेरिकेच्या फ्रेड टेलर यांनीही 1928च्या अध्यक्षीय भाषणात हीच वाट सुचवली होती. मीझेस यांनी प्रश्न इतका नेमका विचारला की समाजवादी नियोजन मंडळाच्या सभागृहात त्यांचा पुतळा उभारायला हवा, असेही लांगे लिहून गेले. त्यात थट्टा होती, तसा आदरही होता. अशा उमद्या वादविवादाची आपल्याला सवय राहिलेली नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

1940च्या सुमारास बहुतेक अर्थशास्त्रज्ञांचे मत झाले होते की लांगे जिंकले. मग फ्रीडरिश हायेक यांनी वादाची जागाच बदलली. त्यांचा 1945चा ज्ञानाच्या वापरावरचा निबंध आकाराने छोटा आहे, पण त्याने या विषयाचे कूळ बदलले. समीकरणे किती आहेत हा मुद्दाच नाही, असे हायेक म्हणतात. समीकरणांत घालायचे आकडे मंडळापाशी येतात कुठून? अर्थव्यवस्थेला लागणारे ज्ञान कुठल्याच एका टेबलावर गोळा झालेले नसते. ते लाखो माणसांच्या हातांत, डोळ्यांत आणि सवयीत विखुरलेले असते. अमुक जहाज परतताना अर्धे रिकामे जाते, हे बंदरावरच्या एकाला माहीत असते. तिसऱ्या नंबरचे यंत्र दुपारनंतर तापते, हे फोरमनला माहीत असते, पण विचारले तर सांगता येईलच असे नाही. त्यांचे कथिलाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जगात कुठेतरी एखादी खाण बंद पडली किंवा कथिलाचा नवा उपयोग निघाला, भाव चढला. आता हजारो कारखाने कथील जपून वापरू लागतात, आणि कारण काय ते त्यांतल्या बहुतेकांना कधी कळतही नाही. किंमत हे थोडक्यात दिलेले वर्तमान आहे.

या साऱ्या वादात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस वादात उतरलाच नव्हता. लिओनिद कांटोरोविच लेनिनग्राडचे गणिती. 1938 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांच्यापुढे प्लायवूड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतून एक अडचण आली. लाकडाच्या जाती निरनिराळ्या, ते सोलणारी यंत्रे निरनिराळी, आणि प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडावरचा वेग वेगळा. ठरलेल्या प्रमाणात सगळा माल निघायला हवा. कोणत्या यंत्राला कोणते काम किती वेळ द्यावे, म्हणजे एकूण उत्पादन सर्वांत जास्त होईल?

वर्गात मी हे एका लहान उदाहरणाने घेतो. जुन्या प्रश्नातले आकडे इथे नाहीत, सोयीसाठी मी बेतलेले आहेत. दोन यंत्रे आहेत, आठवड्याला प्रत्येकाचे 60 तास. लाकूड दोन प्रकारचे, पाइन आणि बर्च, आणि दोन्हींच्या फळ्या सारख्याच संख्येने हव्यात. एक पाइन, एक बर्च मिळून एक जोड. पहिले यंत्र तासाला पाइनच्या 6 किंवा बर्चच्या 6 फळ्या काढते. दुसरे पाइनच्या 4 काढते, पण बर्चवर अडते, 2च काढते. दोन्ही यंत्रांनी आपापले जोड आपणच पुरे करायचे असे ठरवले, तर पहिले 180 आणि दुसरे 80, असे 260 जोड निघतात. आता दुसऱ्याला बर्च द्यायचेच नाही. त्याने 60 तास पाइनच कापावे, 240 फळ्या. पहिल्याने 50 तास बर्च, 300 फळ्या, आणि उरलेले 10 तास पाइन, 60 फळ्या. तेच लाकूड, तीच यंत्रे, तेच तास, आणि जोड 300.

इथपर्यंत कोणीही येईल. पुढची पायरी कांटोरोविच यांची. समजा, दुसरे यंत्र एक तास बंद पडले, आणि कामाची वाटणी पुन्हा उत्तम जमवली, तर किती जोड कमी होतात? 2. पहिले यंत्र एक तास बंद पडले तर? 3. म्हणजे पहिल्या यंत्राच्या तासाचे मोल 3 जोड आणि दुसऱ्याच्या तासाचे 2. दुरुस्तीला एकच मिस्त्री आहे आणि दोन्ही यंत्रे बिघडली आहेत. आधी कोणते, हे आता कळते. 60 तास 3ने आणि 60 तास 2ने गुणून बेरीज करा, 300 येते; हिशेब तंतोतंत जुळतो. या खोलीत बाजार नाही, मालक नाही, रुबल नाही. तरीही उत्तम योजना काढता काढता तिच्या पोटातून यंत्रांच्या किमती निघाल्या. 1939च्या पुस्तिकेत कांटोरोविच यांनी त्यांना सोडवणूक करणारे गुणक म्हटले, पुढे वस्तुनिष्ठपणे ठरणारी मूल्ये म्हटले. आपण छाया-किंमत म्हणतो.

सोव्हिएत पंडितांना हे रुचले नाही. मूल्य श्रमातूनच येते हा सिद्धान्त, आणि इथे यंत्राच्या तासाला, जमिनीच्या तुकड्याला मोल चढत होते. 1942 साली लिहिलेले कांटोरोविच यांचे नियोजनावरचे पुस्तक छापले गेले 1959 साली. 1975 साली त्यांना त्यालिंग कोपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

माझे मत मी याच जागी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला ते पारखता येईल. किंमत टाळता येत नाही. एक गोष्ट केली म्हणजे दुसरी कोणती सोडली याचा आकडा ज्या व्यवस्थेपाशी नाही ती साधने वाया घालवते, मग तिचा झेंडा कोणताही असो. इथे मीझेस बरोबर होते. पण ती किंमत खासगी मालकीच्या बाजारातच जन्मते हे त्यांचे म्हणणे कांटोरोविच यांच्या खोलीत टिकत नाही. तेव्हा किमतीविना चालेल का, हा प्रश्न मी मिटलेला मानतो. बाजाराविना किमती मिळवता येतील का, हा उघडा आहे, आणि तो गणिताचा कमी आणि माणसांचा जास्त आहे. माझ्या उदाहरणातले 6, 6, 4 आणि 2 हे आकडे फळ्यावर मी लिहिले. कारखान्यात ते फोरमनला विचारावे लागतील. आणि खरा वेग सांगितला तर पुढच्या वर्षीचे लक्ष्य त्यावरूनच ठरणार हे माहीत असलेला फोरमन 6 ला 5 सांगेल.

सोव्हिएत नियोजनाची खरी कहाणी त्या 5 मध्ये आहे. गोसप्लान हे राज्य नियोजन मंडळ 1921 साली स्थापन झाले आणि 1928पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. मंडळाचे हत्यार म्हणजे वस्तुनिहाय ताळेबंद. पोलादाचा एक तक्ता: एका बाजूला शिल्लक, उत्पादन, आयात, दुसऱ्या बाजूला बांधकाम, यंत्रे, रेल्वे, सैन्य, निर्यात. दोन्ही बाजू जुळायला हव्यात. पोलाद कमी पडले तर उत्पादन वाढवा. पण मग कोळसा जास्त लागेल, म्हणून कोळशाचा तक्ता पुन्हा. खाणींना लाकडी टेकू लागतील, म्हणून लाकडाचा तक्ता पुन्हा. ते वाहून आणायला वाघिणी लागतील, आणि वाघिणींना पोलाद. हे चक्र पुरते फिरवायला वेळ नसे. मग मागणीवर कात्री लावायची, आणि मागच्या वर्षीच्या आकड्यावर काही टक्के चढवून नवे लक्ष्य द्यायचे. ब्रिटिश अभ्यासक ॲलेक नोव्ह यांच्या लेखनात सोव्हिएत उत्पादनातल्या वेगवेगळ्या वस्तूंची संख्या सुमारे 1 कोटी 20 लाख अशी येते. एवढ्या वस्तूंचे लक्ष्य नगानगाने देता येत नाही, म्हणून ते टनांत, मीटरांत दिले जाई. टनांत दिले की माल जड होई. वजनावर लक्ष्य असल्याने झुंबरे नको इतकी जड बनतात, अशी तक्रार खुद्द ख्रुश्चेव्ह यांनी केली होती. ठरलेला पुरवठा वेळेवर येत नसे, म्हणून प्रत्येक मोठ्या कारखान्यापाशी टोलकाच नावाचा माणूस असे. गावोगाव फिरून, ओळखी काढून, अदलाबदल करून नडलेला माल मिळवणे हे त्याचे काम. योजनेच्या कागदावर तो कुठेच नव्हता, पण तो नसता तर योजना पुरी झाली नसती.

बुडापेस्टचे यानोश कोर्नाई हे सगळे आतून बघत होते. अति केंद्रीकरणावरचे त्यांचे पहिले पुस्तक 1957चे. 1968च्या 1 जानेवारीला हंगेरीने आज्ञेने चालणारे नियोजन सोडले, कारखान्यांना नफ्याचा विचार करायला सांगितले. लांगे यांच्या स्वप्नाच्या सर्वांत जवळ जाणारा तो प्रयोग होता. तरी टंचाई हटली नाही. का, याचे कोर्नाई यांनी 1980च्या ग्रंथात दिलेले उत्तर मला या वादाला लागलेले सर्वांत टोकदार वळण वाटते. कारखाना तोट्यात गेला की सरकार हात देई: अनुदान, करमाफी, नवे कर्ज. अंदाजपत्रक सैल होते. ज्याला बुडायचे भय नाही तो किंमत वाचतो, पण तिचे ऐकत नाही. मिळेल तो माल साठवून ठेवतो, कारण जास्त मागण्याने त्याचे काही जात नाही. लांगे यांच्या नियमांत व्यवस्थापकाने किंमत प्रमाण मानायची होती. का मानावी, हे तिथे लिहिलेले नव्हते.

नियोजन मुळातच फसते, असा अर्थ कोणी काढू नये. 1941च्या उत्तरार्धात जर्मन फौजा चालून येत असताना सोव्हिएत संघाने दीड हजारावर कारखाने उचलून पूर्वेकडे नेले आणि पुन्हा उभे केले. कोणत्याही बाजाराने ते त्या वेगाने केले नसते. त्याच युद्धात अमेरिकेने, बाजाराच्या माहेरघराने, पोलाद, तांबे आणि ॲल्युमिनियम या तीन धातूंचे वाटप भावावर न सोडता नियंत्रित कोट्याने केले. उद्दिष्ट एक असते, सगळ्यांना मान्य असते आणि कमी काळाचे असते, तेव्हा वस्तूंचा थेट हिशेब चालतो. शांततेत माणसांना हजार निरनिराळ्या गोष्टी हव्या असतात, आणि अडचण तिथे सुरू होते.

हा वाद आपल्या दारावरूनही गेला आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची तयारी चालू असताना प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत जे परदेशी पाहुणे बोलावले त्यांत स्वतः लांगे होते. 1955 साली अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले. मुंबई विद्यापीठाचे वकील आणि ब्रह्मानंद यांनी यंत्रांआधी अन्नवस्त्राच्या उत्पादनाला अग्रक्रम द्यावा, असा पर्याय मांडला. आपली शेती, आपला व्यापार खासगीच राहिला, त्यामुळे भारताचा अनुभव मीझेस यांच्या बाजूचा किंवा लांगे यांच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरताना सांभाळावे. एक गोष्ट मात्र मला नॉयराट यांच्या कुळातली वाटते. 1969चे गाडगीळ सूत्र. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना केंद्राची मदत कशी वाटावी हे ठरले: 60 टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीतले प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे आणि वीज प्रकल्प, राज्याच्या खास अडचणी या चारांना 10-10 टक्के. भाव नाही, लिलाव नाही. कोणत्या गरजेला किती वजन द्यायचे ते उघड लिहिले, उघड भांडले, आणि पुढे बदललेही.

आणि एक आठवण माझी. लहानपणी रॉकेलचा दिवस असला की आई मला पहाटे रेशनच्या दुकानाबाहेर बसवायची. माणसांच्या आधी डबे रांगेत असायचे. पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, झाकणाला दोरी बांधलेले, आपला ओळखू यावा म्हणून कुणी लाल रंगाची रेघ मारलेले. दुकान उघडायला दहा वाजत, आणि पुष्कळदा बाराव्या-पंधराव्या डब्याशी रॉकेल संपे. कार्डावरचा भाव कमी होता, पण आईचा अर्धा दिवस आणि माझी शाळा त्यात जात होती; ती किंमत कार्डावर लिहिलेली नसे. हे मला पुढे अर्थशास्त्र शिकताना उमगले. पण तेव्हा रॉकेल खुल्या बाजारभावाने विकले असते, तर आमच्या चाळीतल्या निम्म्या घरांत संध्याकाळी स्टोव्ह पेटला नसता, हेही मला तितकेच पक्के आठवते. किंमत ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचेच म्हणणे ऐकते. हायेक यांचा निबंध मी दरवर्षी शिकवतो, मनापासून शिकवतो, आणि दरवर्षी या जागी थांबतो. 1943 साली मुंबईत रेशन सुरू करणाऱ्यांना किंमत म्हणजे काय ते कळत नव्हते असे नाही. त्या वर्षी बंगालच्या दुष्काळात काय झाले ते सगळ्यांना दिसत होते.

संग्रहाचा शेवटचा भाग संगणकाचा आहे. लांगे यांनी मृत्यूपूर्वी लिहिलेल्या आणि 1967 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात म्हटले की आता विजेच्या गणकयंत्रावर समीकरणे झटपट सुटतील. चिलीत साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने 1971पासून ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांच्या मदतीने सायबरसिन ही योजना उभारली: कारखान्यांतून टेलेक्सने रोजचे आकडे यायचे, आणि सान्तियागोत सात खुर्च्यांची एक खोली सज्ज केली होती. 1972च्या ऑक्टोबरात ट्रकमालकांचा संप झाला तेव्हा ते टेलेक्स जाळे पुरवठा चालू ठेवायला कामी आले. 11 सप्टेंबर 1973च्या लष्करी उठावाने सारेच संपले, त्यामुळे त्या प्रयोगावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही. पॉल कॉकशॉट आणि ॲलिन कॉट्रेल यांनी 1993 साली मांडले की आधुनिक संगणकावर अख्ख्या अर्थव्यवस्थेचा श्रमतासांत हिशेब शक्य आहे. आजचे तरुण अभ्यासक अजस्र कंपन्यांकडे बोट दाखवतात: तिथे गोदामातून दुकानात माल जातो तो भावावर नाही, आज्ञेवर. रोनाल्ड कोस यांनी 1937 साली हाच प्रश्न उलट बाजूने विचारला होता, की बाजार इतका चांगला तर कंपन्या असतातच कशाला? पण या कंपन्यांच्या हिशेबात बाहेरच्या बाजाराचे भाव भरलेले असतात, हा आक्षेप अजून पुरता खोडला गेलेला नाही. आणि संगणक कितीही वेगवान झाला तरी तो फोरमनच्या 5 चे 6 करत नाही.

वाचण्याचा क्रम मी असा सुचवेन. आधी मीझेस, मग लांगे, दोन्ही एका बैठकीत. लांगे वाचताना तुम्ही त्यांच्या बाजूचे व्हाल, होऊ द्या. हायेक दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने. कोर्नाई सावकाश. नॉयराट शेवटी ठेवले आहेत, कारण बाकीचे सगळे वाचून झाल्यावर त्यांचा प्रश्न अधिक खोल लागतो. भाषांतरात पारिभाषिक शब्द शक्य तितके साधे ठेवले आहेत. जिथे खडबडीत वाटतील तिथे वाक्य मोठ्याने वाचून पाहा.

कांटोरोविच मात्र कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय वाचू नका. सुरुवातीला वरचेच उदाहरण घ्या आणि दुसऱ्या यंत्राचा बर्चवरचा वेग तासाला 2 ऐवजी 5 धरा. कामाची वाटणी उलटते, आणि 330 जोड निघतात. दोन्ही यंत्रांच्या तासाची नवी किंमत तुम्ही काढा.